मेंदूचं माप, पण कोणाच्या मापाने?

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत आपण एक आजार पिढ्यान्‌पिढ्या घरातच झाकून ठेवला. भाजीत दोनदा मीठ पडतं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजच्या बाजारातून परतताना आजोबा रोजची गल्ली चुकतात आणि ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 7.4 टक्के आहे, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात ते जास्त आढळलं.

स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर या प्रकारात कानशिलामागे खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लवकर झिजू लागतो. नव्या आठवणी साठवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. 1992 मध्ये फिलिप शेल्टन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआयवर ही झीज नजरेने जोखून 0 ते 4 असे गुण देण्याची पद्धत मांडली, ती आजही वापरात आहे. पण नजर माणसागणिक बदलते. हे काम संगणकाकडे सोपवणाऱ्या प्रणालींपैकी ‘फ्रीसर्फर’ सर्वांत परिचित. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ब्रूस फिशल, अँडर्स डेल आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली ही प्रणाली संशोधकांना मोफत मिळते.

तिची रीत अशी. एमआरआय चित्र साधारण एकेक मिलिमीटरच्या ठोकळ्यांचं बनलेलं असतं. संगणक आधी कवटी वगळतो, मग प्रत्येक ठोकळ्याची जागा आणि उजळपणा पाहून तो मेंदूच्या कोणत्या भागातला असावा हे ठरवतो. ठोकळे मोजले की घनफळ मिळतं. मोठ्या डोक्याच्या माणसाचा हिप्पोकॅम्पसही सहसा मोठा असतो, म्हणून कवटीच्या आतल्या एकूण जागेचाही हिशेब धरतात. 2009 च्या एका एकत्रित विश्लेषणात अल्झायमरच्या रुग्णांचा हिप्पोकॅम्पस वर्षाला 4.66 टक्क्यांनी, तर निरोगी वृद्धांचा 1.41 टक्क्यांनी घटताना दिसला. इतका बारीक फरक नजरेला सहज दिसत नाही. मात्र तपासणीत डोकं हललं किंवा दुसऱ्या वेळी मशीन बदललं, तर आकडाही बदलू शकतो.

खरा प्रश्न पुढे आहे. घनफळ कमी म्हणायचं ते कोणापेक्षा? हैदराबादच्या आयआयआयटीने 2019 मध्ये 100 तरुण भारतीयांच्या चित्रांवरून मेंदूचा नकाशा तयार केला. त्यात आपला मेंदू सरासरीने पाश्चात्त्यांपेक्षा आकाराने लहान दिसला. पुढे 6 ते 60 वयोगटासाठीही भारतीय नकाशे आले. म्हणजे ज्या साठीपासून गरज सुरू होते, तिथेच तेही थांबले. परक्या वृद्धांच्या सरासरीशी ताडून पाहिलं, तर आपल्याकडच्या निरोगी आजीच्या अहवालावरही ‘झीज’ असा शिक्का बसण्याचा धोका राहतो.

शिवाय तेवढीच झीज असलेली दोन माणसं सारखी वागत नाहीत. हैदराबादच्या 648 रुग्णांच्या अभ्यासात (2013) सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांना दिसलं, की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली. निरक्षरांतही हा फरक टिकला. मराठी-कन्नड सरमिसळीत वाढलेल्या गडहिंग्लज परिसराला हा मुद्दा जवळचा आहे. इथल्या वृद्धाचा मेंदू वाचताना त्याच्या भाषा, त्याचं शिक्षण, त्याची रोजची कामं विचारायलाच हवीत. जोडीला ब-12 जीवनसत्त्व, थायरॉइड आणि नैराश्य यांची तपासणीही हवी, कारण यांतून येणारं विसरणं अनेकदा उपचाराने सुधारतं. नुसत्या घनफळावरून निदान होत नाही.

आपल्याच वृद्धांचं माप मिळवण्याची वाट शेजारच्या कर्नाटकाने दाखवली आहे. कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात, बंगळूरच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने 2018 पासून 45 वर्षांपुढच्या ग्रामस्थांचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. दहा हजार जणांचं उद्दिष्ट असलेल्या या अभ्यासात स्मरणशक्तीच्या चाचण्यांसोबत एमआरआयही आहे. असाच अभ्यास कोल्हापूरच्या खेड्यांत व्हावा. निरोगी म्हाताऱ्यांनी त्यात नाव नोंदवलं, तरच आजारी म्हाताऱ्यांच्या अहवालातला आकडा खरं बोलेल.