हातभर लांबीचें खरें इंजिन

(रेडिओवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांना वाटलें असेल कीं, मुलांच्या कार्यक्रमांतील एखादा विषय चुकून प्रौढांच्या वेळेंत शिरला आहे. आगगाडीचें लहानसें इंजिन घरीं बसून तयार करणें हा पोरखेळ नव्हे तर काय? आमच्या घरांतील वडील मंडळींचें मत बराच काळ असेंच होतें, आणि तें अगदींच निराधार नव्हतें. बाजारांत मिळणारीं किल्लीचीं व विजेचीं इंजिनें धांवतात खरीं. पण त्यांच्या धुरांड्याचा आणि धुराचा कधीं संबंध येत नाहीं. मी ज्या इंजिनाविषयीं बोलणार आहें, त्याच्या भट्टींत खरा दगडी कोळसा जळतो, बॉयलरांत खरें पाणी उकळतें, आणि साडेतीन इंच रुंदीच्या रुळांवरून तें एका मोठ्या माणसाला ओढून नेतें. लांबी म्हणाल तर हातभर.

असें इंजिन कसें करावयाचें? पहिलें उत्तर सुचतें तें फार सोपें. मोठ्या इंजिनाचा नकाशा घ्यावा, त्यांतील प्रत्येक मापाला सोळांनीं भागावें, आणि येतील त्या मापांनीं धातु कापावा. इंग्लंडांतील रुळांमधील अंतर चार फूट साडेआठ इंच. त्याचा सोळावा हिस्सा जवळजवळ साडेतीन इंच भरतो, म्हणून हें प्रमाण सोयीचें. या रीतीनें केलेलें इंजिन काचेच्या कपाटांत फार शोभून दिसेल. मात्र त्यांत विस्तव घातला तर तें बहुधा चालणार नाहीं. कां चालणार नाहीं, हेंच मला आज सांगावयाचें आहे.

लांबी सोळापट कमी केली म्हणजे क्षेत्रफळ २५६ पटींनीं कमी होतें, आणि आकारमान, व त्याबरोबर वजन, ४,०९६ पटींनीं. हा शाळेंतला हिशेब आहे. पण शाळेंत त्याचे चटके बसत नाहींत. बॉयलरांतील पाणी ४,०९६ पटींनीं घटलें, आणि उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र २५६ पटींनींच घटला. म्हणजे तेवढ्याच पाण्यामागें थंड होण्याची जागा सोळापट वाढली. सिलिंडरांत पोंचेपर्यंत बरीचशी वाफ पुन्हां पाणी होऊन बसते. मोठ्या बॉयलरांत सुमारें दोन इंच व्यासाच्या शंभर-दीडशें नळ्या असतात. भट्टींतील ज्वाळा त्यांतून जातां जातां भोंवतालचें पाणी तापवितात. दोन इंचांचा सोळावा हिस्सा म्हणजे गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढें भोंक. तें थोड्याच वेळांत राखेनें बुजतें. राखेला आणि काजळीला ‘तुम्हीहि सोळापट लहान व्हा’ असें सांगण्याची सोय नाहीं.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे पाण्याची पातळी दाखविणारी काचेची नळी. ती प्रमाणाच्या हट्टानें सुईसारखी बारीक केली, तर केशाकर्षणानें पाणी तींत चिकटून राहतें. बॉयलरांत पाणी उतरलें तरी काच भरलेली दिसते. म्हणून जाणता कारागीर ही नळी मुद्दाम जाड घेतो. दिसावयास ती थोडी बेढब दिसते, पण खरें बोलते.

निसर्गानें एका हातानें नेलें तें दुसऱ्या हातानें थोडें परत दिलें आहे. लहान इंजिनांत वाफेचा दाब चौरस इंचाला ८० पौंड ठेवण्याचा प्रघात आहे. मोठ्या इंजिनाच्या तो एक-तृतीयांश धरा. दट्ट्याचें क्षेत्रफळ २५६ पटींनीं कमी आणि दाब तिपटीनें कमी, म्हणजे जोर ७६८ पटींनीं घटला. वजन तर ४,०९६ पटींनीं घटलें आहे! तेव्हां आपल्या वजनाच्या मानानें वामनमूर्तीचा जोर पांचपटीहून अधिक. मुंगी स्वतःहून मोठा दाणा ओढते त्यांतलाच हा प्रकार. हा सगळा जोर पदरांत पडत नाहीं हेंहि खरें. कारण चाकाची रुळावरील पकड वजनावर अवलंबून असते आणि फार जोर लावला कीं चाकें जागच्या जागीं फिरतात. तरी वीस किलो वजनाचें इंजिन चारेक किलोंची ओढ सहज देतें, आणि बॉल-बेअरिंगांवर चालणाऱ्या गाडीवर बसलेला माणूस सपाट रुळांवरून ओढावयास एक-दोन किलोंची ओढ पुरते.

इंग्लंडांत एके काळीं हा प्रश्न मोठ्या हिरिरीनें लढला गेला. पर्सिव्हल मार्शल यांनीं १८९८ मध्यें ‘मॉडेल इंजिनियर’ हें नियतकालिक सुरू केलें, आणि घरच्या घरीं यंत्रें बनविणाऱ्यांचें तें हक्काचें व्यासपीठ झालें. त्या वेळीं विकत मिळणारीं छोटीं वाफेचीं इंजिनें बहुतेक स्पिरिटच्या दिव्यावर चालत. एवढ्याशा भट्टींत कोळसा नीट जळावयाचा नाहीं, अशीच सर्वसाधारण समजूत होती. १९२२ च्या सुमारास ‘एल. बी. एस. सी.’ या आद्याक्षरांनीं लिहिणाऱ्या एका गृहस्थानें या समजुतीला आव्हान दिलें. तीं अक्षरें लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या रेल्वेचीं. तिच्यावर त्यांचें अतिशय प्रेम. त्यांचें ‘आयेशा’ नांवाचें इंजिन अवघ्या अडीच इंच रुळांवरचें, परंतु कोळशावर चालून तें मोठ्या माणसाला ओढीत असे. वाद इतका पेटला कीं, त्याला ‘बॉयलरांचें युद्ध’ असें नांव पडलें. माझ्या मतें त्या युद्धाचा निकाल एकाच वाक्यांत सांगतां येईल: नळ्या थोड्या असाव्या आणि रुंद असाव्या. शंभर-दीडशें बारीक नळ्यांच्या जागीं आठ-दहा नळ्या तीन-अष्टमांश इंचाच्या घातल्या कीं, विस्तवाला श्वास घेतां येतो. पुढें अनुभवी मंडळींनीं त्याचा एक ठोकताळाहि बसविला. नळीच्या आंतील व्यासाच्या वर्गाला पन्नास ते सत्तरांनीं गुणावें. येईल तितके इंच नळीची लांबी. एल. बी. एस. सी. १९६७ मध्यें वारले. तोंपर्यंत किती तरी इंजिनांचीं वर्णनें त्यांनीं क्रमशः लिहिलीं, तींहि अशीं कीं, ज्यानें आयुष्यांत कानस धरली नाहीं त्यालाहि आपल्या पाठीशीं कोणी उभें आहे असें वाटावें.

त्यांचें ‘टिच’ नांवाचें चार चाकांचें इंजिन मीं करावयास घेतलें. सांगाडा पोलादी पट्ट्यांचा. तो करवत आणि कानस यांनीं होतो. चाकें बिडाचीं ओतीव आणून लेथवर कातावीं लागतात. या भागांत धीराखेरीज फारसें कांहीं लागत नाहीं. एक जागा मात्र अवघड आहे. दोन्ही बाजूंच्या क्रँकांमध्यें नव्वद अंशांचा कोन ठेवतात, म्हणजे एका बाजूचा दट्ट्या टोकाशीं येऊन अडला तरी दुसऱ्या बाजूचा जोर लावीत असतो. आतां हा कोन पुढच्या आंसावर नव्वद आणि मागच्यावर एक्याण्णव झाला, तर दोहोंना जोडणारे दांडे प्रत्येक फेऱ्यांत आंवळतात आणि इंजिन लंगडतें. गंमत अशी कीं, दोन्हीकडे एक्याण्णव झाले तर फारसें बिघडत नाहीं. कोन बरोबर असण्यापेक्षां तो सारखा असणें महत्त्वाचें.

खरी परीक्षा बॉयलरची. तो तांब्याच्या पत्र्याचा असतो, आणि लांकडी किंवा लोखंडी सांच्यावर पत्र्याच्या कडा ठोकून वळवाव्या लागतात. माझे पहिले दोन पत्रे चिरले. शेवटीं पुण्याच्या तांबट आळींतील एका वृद्ध तांबटाकडे गेलों. त्यांनीं मला हातोड्यापेक्षां कान वापरावयास शिकविलें. ठोकतां ठोकतां तांबें कडक होतें आणि त्याचा आवाज बदलतो. तो बदलला कीं थांबावें, पत्रा लालसर होईपर्यंत तापवून पाण्यांत बुडवावा, म्हणजे तो पुन्हां मऊ. पोलाद असें तापवून बुडविलें तर तें अधिक कडक होतें. तांब्याची तऱ्हा उलटी.

सांधे चांदीच्या झाळीचे करावयाचे असतात. टाकणखार लावून तांबें अंधुक लाल होईपर्यंत तापविलें, कीं झाळ पाण्यासारखी फटींत धांवते. माझा बॉयलर झाळून झाला आणि मीं तो तपासावयास घेतला. ही तपासणी वाफेनें करीत नाहींत. थंड पाण्यानें बॉयलर कांठोकांठ भरून पंपानें नेहमींच्या दुप्पट, म्हणजे १६० पौंडांचा दाब चढवितात. पाणी जवळजवळ दाबलें जात नाहीं. त्यामुळें सांधा फुटलाच तर चार थेंब उडतात आणि दाब तत्काळ उतरतो. हवा किंवा वाफ असती तर ती स्फोट करती. तीन इंच लांब, तीन इंच रुंद अशा भट्टीच्या एका भिंतीवर ८० पौंडांच्या दाबानें ७२० पौंडांचा रेटा पडतो. चार-पांच माणसें तिच्यावर उभीं आहेत असें समजा. म्हणून त्या भिंती ठिकठिकाणीं आडव्या खिळ्यांनीं बाहेरच्या पत्र्याशीं जखडाव्या लागतात.

काटा ११० वर आला, आणि भट्टीच्या तळाशीं कोपऱ्यांत पाण्याचा एक मणी दिसूं लागला. पुसला, पुन्हां आला. सात महिन्यांच्या कामानंतर एक मणी! कथलाचा डाख चटकन् लावून तो बुजविणें दहा मिनिटांचें काम होतें, आणि खरें सांगतों, डाखाची कांब हातांत घेतलीहि होती. परंतु ८० पौंडांच्या वाफेचें तपमान १६२ अंश सेंटिग्रेड असतें, आणि नेहमींचा डाख १८३ अंशांना वितळूं लागतो. विस्तवाशेजारच्या सांध्याला एकवीस अंशांच्या अंतरावर विसंबणें म्हणजे गाडीवर बसणाऱ्या मुलाच्या जीवावर उदार होणें. चांदीच्या झाळीला सहाशेंहून अधिक अंश लागतात. तेव्हां सारा बॉयलर पुन्हां तापवावयाचा. आणि तसें करतांना जवळचे चांगले सांधे सुटले तर सगळेंच हातचें जावयाचें. सुदैवानें पहिले सांधे मीं अधिक अंशांना वितळणाऱ्या झाळीनें केलेले होते. दोन मोठे ब्लोलॅम्प लावले, श्वास धरून झाळ सोडली, थंड झाल्यावर पुन्हां पंप जोडला. १६० वर काटा वीस मिनिटें स्थिर राहिला.

पुढें रविवारीं सकाळीं अंगणांत रूळ मांडले. रॉकेलांत भिजविलेल्या लोणारी कोळशानें विस्तव पेटविला. प्रथम धुरांड्यावर लहानसा विजेचा पंखा ठेवून हवा ओढावी लागते. एकदां इंजिन चालूं लागलें कीं, त्याची वापरलेली वाफच धुरांड्यांतून जोरानें निघतांना विस्तव फुंकते. आगगाडीचा ‘भक् भक्’ आवाज तो हाच. आपल्याकडे ब्रॉडगेजवरील नियमित वाहतुकींतून वाफेचीं इंजिनें १९९५ मध्यें गेलीं. त्यामुळें आमच्या घरच्या मुलांनीं तो आवाज प्रथमच ऐकला. मोठ्या इंजिनाला वाफ धरावयास कित्येक तास लागतात. याला पंधरा मिनिटें लागलीं.

ज्यांनीं या उद्योगाला पोरखेळ ठरविलें होतें ते आमचे थोरले काका सर्वांत आधीं गाडीवर बसले. चार फेऱ्या झाल्या. मी कोळसा घालण्याच्या नादांत होतों. ते वांकून काचेच्या नळीकडे पाहत होते.

“अरे, पाणी निम्म्याखालीं गेलें,” ते म्हणाले.

मीं गाडी थांबविली आणि हातपंप मारूं लागलों. पाणी सावकाश काचेंत चढलें. काकांनीं धोतर सांवरलें, पाय उचलून घेतले आणि म्हणाले, “हां, आतां चालूं दे.”