डीव्हीडीवर चित्र बेढब का होते?

डिजिटल टीव्हीवरचा कार्यक्रम डीव्हीडीवर उतरवला की कधी त्यातली सगळी माणसे उंच आणि किडकिडीत दिसतात, कधी बुटकी आणि जाडजूड, तर कधी चित्राच्या चारही बाजूंना काळी चौकट येते. दोष तबकडीचा नसतो. चित्र किती रुंद आणि किती उंच दाखवायचे हे प्रत्यक्ष चित्रात साठवलेलेच नसते. त्याची एक छोटी नोंद चित्रासोबत चालते, आणि ती नोंद चुकते, मध्येच बदलते किंवा वाटेत गळून पडते. त्यामुळे बहुतेक वेळा चित्राला हात न लावता नुसती नोंद सुधारली तरी काम भागते.

पडद्याचे हे प्रमाण, म्हणजे आस्पेक्ट रेशो, एकच राहिले असते तर हा घोळ झाला नसता. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरदर्शन सुरू झाले, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले, आणि पुढची कित्येक वर्षे टीव्हीचा पडदा ४:३ होता: चार भाग रुंद, तीन भाग उंच. हा आकार जुन्या सिनेमाच्या चौकटीवरून आलेला. म्हणून प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) किंवा अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) त्या पडद्यावर जवळजवळ पुरता बसतो. पण टीव्हीशी स्पर्धा करायला परदेशातला सिनेमा १९५० च्या दशकात रुंद झाला होता, आणि दिल्लीत दूरदर्शन आले त्याच वर्षी गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट झळकला. त्याची रुंदी उंचीच्या सव्वादोन पटींहून अधिक. पुढे १९८४ मध्ये कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने १६:९ हे मधले प्रमाण सुचवले. ४:३ आणि २.३५:१ यांचा गुणोत्तरीय मध्य काढला तर उत्तर १.७७ येते, आणि १६:९ म्हणजे १.७८. ही तडजोड सर्वांना सोयीची, पण पूर्णपणे कोणाचीच नाही. आज एकाच वाहिनीवर एका संध्याकाळी हे तिन्ही आकार येतात.

भारतातल्या साध्या डिजिटल चित्राच्या एका चौकटीत ७२० उभे स्तंभ आणि ५७६ आडव्या ओळी असतात. ७२० ला ५७६ ने भागले तर १.२५ येते. हे ४:३ नाही, म्हणजे १.३३ नाही, आणि १६:९ तर नाहीच. दोन्ही प्रकारच्या कार्यक्रमांसाठी ठिपक्यांची संख्या तीच असते. फक्त दाखवताना प्रत्येक ठिपका किती रुंद करायचा ते बदलते. ४:३ साठी तो उंचीच्या १.०७ पट रुंद होतो, १६:९ साठी १.४२ पट. प्लेअरला नोंद चुकीची मिळाली की सगळे ठिपके एकदम आखडतात किंवा पसरतात. १६:९ चे चित्र ४:३ म्हणून दाखवले, तर समोरून दिसणारे बैलगाडीचे १२ सेंटिमीटर उंच चाक ९ सेंटिमीटर रुंद होते. उलट झाले तर तेच चाक १६ सेंटिमीटर पसरते. दोष ओळखायला म्हणूनच चेहऱ्यापेक्षा भिंतीवरचे गोल घड्याळ किंवा चाक बरे. चेहरे मुळातच लांबट किंवा रुंद असू शकतात, आणि आठवडाभर पाहिले की डोळ्यांना वाकडेही सरळ वाटू लागते.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यासारख्या भागात असे कार्यक्रम टिपण्याचा मार्ग ठरलेला आहे. रामनगर, जगलबेट, गणेशगुडी, कुंभारवाडा, उळवी ही गावे जंगल आणि डोंगर यांत विखुरलेली. वाडी-वाडीला केबल ओढणे परवडत नाही आणि जमिनीवरच्या मनोऱ्याची लहर डोंगराआड अडते. डिश अँटेनाच्या छत्रीला ती अडचण नाही. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या मोफत सेवेच्या वाहिन्या ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात. जोयड्यातून पाहता हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंशांहून वर आहे. एवढ्या उंचीवर डोंगर आड येत नाही; आड येते ते अंगणातले फणसाचे झाड. नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता आणि गोवा व खानापूर दोन्ही शेजारी, त्यामुळे घराघरांत मराठी, कोकणी आणि कन्नड तिन्ही चालतात; मराठी सह्याद्री आणि कन्नड चंदना या दोन्ही वाहिन्या एकाच छत्रीवर मिळतात. फ्री डिशच्या अनेक स्वस्त सेट टॉप बॉक्सना यूएसबीची खाच असते. तिच्यात पेनड्राइव्ह लावून कार्यक्रम टिपता येतो, आणि पुढे संगणकावरून तो डीव्हीडीवर जातो. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचवर टिपलेले मात्र सहसा त्याच बॉक्सला कुलूपबंद असते.

पेनड्राइव्हवर जे उतरते ती १८८ बाइटच्या छोट्या पुडक्यांची धार असते. चित्र एमपेग-२ पद्धतीचे असेल तर त्यात साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक शीर्षनोंद येते. षोडशमान अंकांत तिची सुरुवात ०० ०० ०१ बी३ अशी असते. पुढचे तीन बाइट २डी ०२ ४०, म्हणजे ७२० आणि ५७६. त्यानंतरच्या एका बाइटमध्ये सगळे रहस्य आहे: तो २३ असेल तर चित्र ४:३, ३३ असेल तर १६:९. या बाइटचा पहिला अंक प्रमाणाचा, दुसरा सेकंदाला २५ चौकटींचा. एवढा एक अंक चुकला की दोन तासांचा सिनेमा बिघडतो. तासाभराच्या फायलीत अशा सात हजारांच्या आसपास नोंदी येतात, म्हणून त्या हाताने नव्हे तर डीव्हीडीपॅचर किंवा एफएफएमपेग यांसारख्या प्रोग्रॅमने बदलायच्या. चित्र पुन्हा दाबले (कॉम्प्रेस केले) जात नाही, गुणवत्ता तसूभरही घटत नाही.

डीव्हीडीवर मात्र दुसरी एक नोंद असते. तबकडी तयार करताना आयएफओ नावाच्या फायली बनतात आणि त्यांत प्रत्येक शीर्षक-संचाचे (टायटल सेटचे) प्रमाण लिहिले जाते. टीव्हीखालचा प्लेअर या नोंदीवर विश्वास ठेवतो. संगणकातले प्लेअर बऱ्याचदा चित्रातल्या नोंदीवर. संगणकावर ठीक दिसणारी डीव्हीडी दिवाणखान्यात बिघडते ती यामुळे. आयएफओएडिट या प्रोग्रॅमने ही नोंद बदलता येते, पण आयएफओची जी प्रत बीयूपी नावाने शेजारी असते तीही बदलायला हवी. दोन्हीकडे एकच आकडा असणे महत्त्वाचे.

सर्वात जास्त वेळा घडणारी चूक अगदी साधी आहे. सिनेमा नऊला असेल तर रेकॉर्डिंग पाच मिनिटे आधी लावले जाते. त्या पाच मिनिटांत आधीच्या मालिकेचा शेवट किंवा जाहिराती, म्हणजे ४:३ चे चित्र येते. डीव्हीडी बनवणारा प्रोग्रॅम पहिलीच शीर्षनोंद वाचतो आणि पूर्ण फाइल ४:३ आहे असे आयएफओमध्ये लिहून मोकळा होतो. नऊला सुरू झालेला १६:९ सिनेमा शेवटपर्यंत किडकिडीत राहतो. उपाय म्हणजे डीव्हीडी बनवण्याआधीच तोंडाचा तुकडा कापून टाकणे. मध्ये येणाऱ्या जाहिरातींनी प्रमाण बदलत असेल तर त्याही कापाव्यात; कोणाला त्यांची आठवण येणार नाही. एकाच कार्यक्रमात दोन्ही आकार ठेवायचेच असतील तर प्रोजेक्टएक्स हा मोफत प्रोग्रॅम प्रमाण बदलेल तिथे फाइल तोडतो, आणि ते तुकडे वेगवेगळ्या शीर्षक-संचांत घालता येतात. एका शीर्षक-संचात दोन प्रमाणे बसत नाहीत, हा डीव्हीडीचा पक्का नियम आहे.

पावसाळ्यात जोयड्यात आणखी एक भानगड होते. फ्री डिशची लहर केयू पट्ट्यातली, तिची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. सह्याद्रीतल्या मुसळधार पावसाचे थेंब ती शोषतात आणि विखुरतात. पडद्यावर क्षणभर चौकोन उठतात, पेनड्राइव्हवर पुडकी गहाळ होतात. हरवलेल्या पुडक्यात शीर्षनोंद असली तर काही प्रोग्रॅम पुढची नोंद मिळेपर्यंत ४:३ गृहीत धरतात, काही तिथेच फाइल तोडतात, आणि आवाज ओठांपासून सुटतो. अशी फाइल आधी प्रोजेक्टएक्समधून साफ करून घ्यावी, प्रमाणाचे नंतर बघावे. क्रम उलटा केला तर सगळी मेहनत पुन्हा.

काही वाहिन्या जागा वाचवायला ७२० ऐवजी ५४४ किंवा ४८० स्तंभ पाठवतात. टीव्हीवर चित्र बरोबर दिसते, कारण नोंद बरोबर असते. पण डीव्हीडीचे नियम ७२०, ७०४ आणि ३५२ एवढ्याच रुंदी मानतात, आणि ३५२ वर १६:९ चालत नाही. काही प्लेअर ५४४ निमूटपणे चालवतात, काही चित्र उजवीकडे कापतात किंवा आखडून दाखवतात. इथे नोंद बदलून भागत नाही. चित्र ७२० वर ताणून पुन्हा दाबावे लागते. ७२० आणि ७०४ यांतल्या फरकावरून तज्ज्ञ वाद घालतात, तो साधारण सव्वादोन टक्क्यांचा आहे. घरच्या प्रेक्षकाने त्यात वेळ घालवू नये.

एचडी वाहिनीचे चित्र १९२० बाय १०८० असते आणि त्याचे ठिपके चौरस असतात. ते डीव्हीडीवर आणताना अनेक जण ७२० बाय ४०५ करून वर-खाली काळ्या पट्ट्या भरतात, कारण चौरस ठिपक्यांचे गणित डोक्यात बसलेले असते. त्यात ओळी वाया जातात. सरळ ७२० बाय ५७६ करून १६:९ ची नोंद लावली की सगळ्या ओळी चित्राच्या कामी येतात. मूळ एचडी जपायचे असेल तर फाइल जशीच्या तशी डेटा डिस्कवर ठेवणे उत्तम.

उरतो खरा कठीण प्रकार: काळ्या पट्ट्या चित्रातच भाजलेल्या. ४:३ च्या चौकटीत १६:९ चे चित्र घातले तर ५७६ पैकी ४३२ ओळींत चित्र असते, वर ७२ आणि खाली ७२ ओळी काळ्या. रुंद टीव्हीवर हेच चित्र ४:३ म्हणून लागले की डावी-उजवीकडेही पट्ट्या येतात आणि पडद्याचा ५६ टक्के भागच कामी येतो. इथे नोंद ३३ करून उपयोग नाही; तसे केले तर माणसे जाडजूड होतील आणि वर-खालच्या पट्ट्याही तशाच राहतील. ७२ ओळी दोन्हीकडून कापून ४३२ च्या ५७६ करायच्या आणि मग १६:९ ची नोंद लावायची. पण टीव्हीचे चित्र इंटरलेस्ड असते: सम आणि विषम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेल्या. त्या एकत्र ताणल्या तर धावणाऱ्या माणसाच्या कडांना कंगव्याचे दात येतात. म्हणून आधी डीइंटरलेस करावे किंवा सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या ताणाव्यात. शिवाय नवा तपशील एकही मिळत नाही, पुन्हा दाबताना थोडा जातोच, आणि खालच्या पट्टीत छापलेली उपशीर्षके कापली जातात. टीव्हीच्या रिमोटवरचे झूम बटण हेच काम फुकटात करते. टीव्हीला ते बटण नसेल तरच कापाकापीला हात घालावा.

‘संत तुकाराम’सारखा जुना चित्रपट १६:९ मध्ये डावी-उजवीकडे ९०-९० स्तंभांच्या पट्ट्यांसह आला असेल तर तो तसाच ठेवावा. रुंद टीव्हीवर कापल्यानंतरही तो तसाच दिसणार आहे.

टिपण्याच्या हक्काबाबत भारतीय कायदा उदार आहे: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेले रेकॉर्डिंग प्रक्षेपणाच्या हक्काचा भंग मानत नाही. तबकड्या काढून विकणे त्यात बसत नाही.

कायमची तबकडी लिहिण्याआधी एका पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर दहा मिनिटांचा तुकडा घालून घरच्या प्लेअरवर पाहावा. त्याआधी प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्हीचा प्रकार तपासावा. रुंद टीव्ही असूनही तिथे ‘४:३ लेटरबॉक्स’ राहिले असेल तर प्लेअर १६:९ च्या निर्दोष डीव्हीडीला स्वतःच वर-खाली पट्ट्या लावतो, आणि टीव्ही ते चित्र पुन्हा आडवे ताणतो. ‘४:३ पॅन-स्कॅन’ असेल तर कडा कापल्या जातात. तिथे ‘१६:९’ निवडून टीव्हीचे बटण ‘ऑटो’वर ठेवल्यावरही चाक गोल दिसत नसेल, तरच पुन्हा आयएफओ उघडावी.