‘इंडिका’ गांजाने शांत झोप लागते? नावावर जाऊ नका

महापे : एमआयडीसीत रात्रपाळी केलेल्याला दिवसा झोप लागत नाही, हे नवीन नाही. अशा वेळी ‘इंडिका घे, गाढ झोपशील’ असं कुणी सांगितलं, तर आधी हे समजून घ्या.

फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी १७८५ मध्ये भारतातल्या गांजाच्या झाडाला ‘इंडिका’ नाव दिलं. आज बुटकं, रुंद पानांचं, लवकर फुलावर येणारं झाड म्हणजे इंडिका. अंग जड होणं, सुस्ती, भूक, तोंडाला कोरड हे त्याचे गुण सांगितले जातात. पण संकर इतके झालेत की, नावावरून परिणाम ठरत नाही. नशा ठरते ती मुख्यतः टीएचसी या घटकाच्या प्रमाणावर. तो जास्त झाला की छातीत धडधड, भीती, भास होऊ शकतात. रोजची सवय लागल्यावर सोडायला गेलं, तर आहे ती झोपही उडते.

कायदा तर वाण बघतच नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात १ किलोपर्यंतच्या गांजालाही १ वर्षापर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. गावाकडे तुरीत, उसात लपवून लावलेलं झाडही त्यातच आलं.

झोपेची तक्रार डॉक्टरांना सांगा. व्यसन सोडायचं असेल, तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे.