चित्राची प्रत की डिस्कवरची जागा? हिशेब जमला तर दोन्ही साधते

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांच्या कोशांतून निघणारे हे सूत थोडे खरबरीत आणि किंचित कमीजास्त जाडीचे असते. त्याचे सौंदर्य या असमानतेतच आहे. दिवाळीनंतर या परिसरात मंडईचे दिवस येतात आणि झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. गेल्या तीस-चाळीस वर्षांत यातील बरेच काही हौशी हातांनी कॅमेऱ्यात टिपले. घरचे लग्न, मागावर बसलेले आजोबा, गावच्या मंडळाचे नाटक असे कितीतरी प्रसंग व्हीएचएस कॅसेटींमध्ये बंद होऊन कपाटात पडले आहेत. पावसाळी दमटपणाने या फितींना बुरशी लागते. त्या चालवणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबवले, तेव्हा या यंत्राचे युग संपले.

त्यामुळे फितीवरचे चित्रण संगणकात घेऊन डिस्कवर उतरवण्याचे काम अनेक घरांत निघते. तेथेच पहिला पेच पडतो. चित्र उत्तम ठेवावे तर ते डिस्कवर मावत नाही, आणि मावेल इतके लहान केले तर चेहऱ्यांचे चौकोनी ठिपके होतात. हा पेच नशिबावर किंवा सॉफ्टवेअरच्या मर्जीवर सोडण्याचे कारण नाही. तो साध्या भागाकाराने सुटतो.

आधी भागाकार

एकपदरी डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी असते, म्हणजे ४७० कोटी बाइट. (संगणक वेगळ्या पद्धतीने मोजत असल्याने तोच आकडा सुमारे ४.४ जीबी दिसतो. यात फसवणूक नाही.) एका बाइटचे आठ बिट, म्हणून एकूण ३,७६० कोटी बिट झाले. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या पूर्ण आकाराच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ बिंदू असतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रे लागतात. हे सारे काहीही न आवळता साठवायचे म्हटले तर दर सेकंदाला साडेसोळा कोटींहून अधिक बिट खर्च होतील आणि संपूर्ण डिस्क चार मिनिटांच्या आत भरेल. म्हणून आवळणे अपरिहार्य आहे. प्रश्न उरतो तो किती आवळायचे, एवढाच.

डिस्कच्या एकूण बिटांना चित्रणाच्या सेकंदांनी भागले की दर सेकंदाचा वाटा मिळतो. यालाच बिटरेट म्हणतात. मेनू व इतर व्यवस्थेसाठी चार टक्के जागा राखून आणि आवाजाचे सव्वादोन लाख बिट वजा करून पाहिले, तर दोन तासांच्या चित्रणाला दर सेकंदी सुमारे ४८ लाख बिट मिळतात. तीन तासांना सुमारे ३१ लाख आणि सहा तासांना अवघे साडेचौदा लाख. दोन तासांचे चित्र चांगले दिसते आणि तीन तासांचे समाधानकारक. सहा तासांसाठी मात्र वेगळा विचार करावा लागतो.

आवाजाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. काही सॉफ्टवेअर न सांगता आवाज मुळीच न आवळता ठेवतात. त्याला सेकंदाला १५ लाखांहून अधिक बिट लागतात. सहा तासांच्या नाटकात असे झाले, तर चित्रासाठी जवळजवळ काहीच उरत नाही. अशा वेळी चित्र का बिघडले ते कळत नाही आणि दोष मात्र कॅमेऱ्याला दिला जातो.

बिट कोठे खर्च होतात?

डीव्हीडीवर वापरली जाणारी एमपेग-२ पद्धत प्रत्येक चित्र नव्याने साठवत नाही. काही चित्रे ती पूर्ण ठेवते आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढे नोंदवते. मागाचा ताणा जागेवर राहावा आणि बाण्याचा धागा तेवढा पुढे सरकावा, तसे. म्हणून स्थिर कॅमेऱ्याने घेतलेली मुलाखत थोड्या बिटांत भागते. रंगीत दिव्यांखालचा नाच किंवा मंडपातील अक्षतांचा वर्षाव मात्र भरपूर बिट मागतो. बिट अपुरे पडले की ही पद्धत प्रथम बारीक तपशील टाकून देते. हे काम आठ बाय आठ बिंदूंच्या चौकटींत होत असल्याने चित्र चौकोनी तुकड्यांचे दिसू लागते.

कोशाच्या कापडाच्या चित्रणात नेमका हाच धोका असतो. सुताचा खरबरीतपणा, फणीतून जाणारे धागे, धोट्याची धाव हाच तो बारीक तपशील. तो गेला की पडद्यावर एक गुळगुळीत पिवळसर पट्टा उरतो. विणकाम शिकू पाहणाऱ्या पुढच्या पिढीला त्यातून काहीही कळणार नाही.

दुसरा खर्चिक घटक म्हणजे जुन्या फितीवरची मुंगेरी खरखर. आपल्याला ती नकोशी असते, पण यंत्राला ती हालचालच वाटते आणि ते तिच्यावर बिट उधळते. आवळण्यापूर्वी ही खरखर हलकेच कमी केली, तर तेवढ्याच जागेत चेहरे स्वच्छ दिसतात. मात्र हात फार जड पडला तर खरखरीबरोबर सुताचा पोतही पुसला जातो.

सहा तासांच्या नाटकाचे काय?

येथे एक उपयुक्त गोष्ट लक्षात ठेवावी. व्हीएचएस फितीत आडवा तपशील सुमारे २४० रेषांइतकाच असतो. म्हणजे ७२० बिंदूंची रुंदी तिला मुळात लागतच नाही. डीव्हीडीच्या नियमांत ३५२ गुणिले ५७६ बिंदूंचा अर्धा आकारही मान्य आहे. तो निवडला की बिंदू निम्मे होतात आणि साडेचौदा लाख बिटांत प्रत्येक बिंदूला जवळजवळ तेवढाच वाटा मिळतो, जेवढा पूर्ण आकाराच्या तीन तासांत मिळाला असता. उंची मात्र ५७६ च ठेवावी. ती निम्मी केली की चित्र १९९३ साली ठरलेल्या व्हीसीडीच्या पातळीवर येते. डिजिटल कॅमेऱ्याच्या सुस्पष्ट चित्रणाला हा उपाय लावू नये. तेथे नाटकाचे अंक पाहून दोन डिस्क कराव्यात. दुसरी डिस्क फार महाग नसते आणि गेलेला तपशील परत येत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये बदलता बिटरेट आणि दोन फेऱ्यांची पद्धत असेल तर ती निवडावी. पहिल्या फेरीत यंत्र कोठे किती हालचाल आहे ते पाहते, दुसऱ्या फेरीत त्यानुसार बिट वाटते. वेळ जवळपास दुप्पट लागतो, पण तो सत्कारणी लागतो. डिस्क सर्वाधिक वेगाने न लिहिता मध्यम वेगाने लिहावी आणि लिहून झाल्यावर पडताळणी करून घ्यावी.

२००३ साली आलेल्या एच.२६४ पद्धतीने जवळपास निम्म्या बिटांत तेवढेच चांगले चित्र मिळते. त्या फाइली डेटा डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवता येतात, पण टीव्हीजवळचा जुना डीव्हीडी प्लेअर त्या बहुधा वाचत नाही. आता नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कची खाचही सहसा नसते. म्हणून डिस्क ही नातेवाइकांना वाटण्याची प्रत समजावी. फितीवरून प्रथम उतरवलेली मोठी, कमीत कमी आवळलेली फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर जपून ठेवावी. आवळलेल्या प्रतीवरून पुन्हा प्रत काढली की प्रत्येक वेळी थोडा तपशील गळतो. मूळ फाइल हाती असेल, तर उद्याच्या कोणत्याही माध्यमासाठी हाच भागाकार नव्याने मांडता येईल. मागावरचे आजोबा मात्र पुन्हा चित्रित करता येणार नाहीत.