आधी ब्रेक, मग रंग

वाचकहो, नंदुरबारजवळचे कोरीट ही माझी सासुरवाडी. मागच्या वर्षी मिरचीचा हिशेब हाती आला आणि धाकट्या मेव्हण्याने त्या पैशांतून एक जुना छोटा ट्रॅक्टर घेतला. सासूबाईंना त्याच पैशांतून स्वयंपाकघराचे गळके छप्पर बदलायचे होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण आम्ही पोचलो तेव्हा घरातली हवा आम्हांला कळली. ट्रॅक्टर निंबाखाली उभा होता. ओट्यावर लाल रंगाचे दोन कोरे डबे होते, आणि मेव्हणा डोक्याला हात लावून बसला होता.

"दाजी, इंजिन जाम शे!"

मी ते दोन्ही डबे उचलून कोठीत नेऊन ठेवले. ते बाहेर निघायला पुढे दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत आम्ही काय केले, कुठे चुकता चुकता वाचलो, ते तुम्हांला सांगावेसे वाटते. कारण असा एखादा ट्रॅक्टर तुमच्याही पाहण्यात असेल आणि तो घ्यावा असे मनातही असेल.

हे छोटे ट्रॅक्टर आपल्या भागात उगाच आलेले नाहीत. मोठे धूड पपईच्या दोन ओळींत शिरत नाही, आणि बैलजोडी वर्षभर सांभाळणे सगळ्यांना झेपत नाही. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने १९६७ मध्ये जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने पॉवर टिलरपासून सुरुवात केली. पुढे त्यांचा १८.५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर बागायतदारांच्या ओळखीचा झाला. आता इतरही कंपन्यांचे आहेत. यंत्र साधे असते, म्हणूनच ते जुने झाले तरी पुन्हा उभे राहते.

पैसे देण्याआधी कागद पाहा. आरसी पुस्तकावरचा चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर लोखंडावरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. चिखल खरवडावा लागला तर खरवडा. पुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय व्यवहार पुरा करू नका. नाव बदलायला नमुना २९ आणि ३० लागतात. गुजरातची हद्द आपल्याला जवळ, तिकडच्या गाड्या स्वस्तही वाटतात. पण परराज्यातल्या गाडीला नमुना २८ चा ना-हरकत दाखला हवा. नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर ती ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. मुदत संपलेली असेल तर तो खर्च भावातून वजा करा.

दुसरे म्हणजे, इंजिन थंड असताना पाहायला जा. तुम्ही पोचण्याआधीच मालकाने चालू करून ठेवले असेल तर चहा घ्या, ते निवू द्या आणि मग पुन्हा सुरू करायला लावा. तेलाची पट्टी काढा. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. पट्टीवर तेल खुणेच्या वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर पंपाकडे संशयाने पाहा. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जाते आहे. पांढरा धूर पहिल्या मिनिटात निघून थांबला तर चिंता नाही. थांबलाच नाही तर पाणी जळते आहे का ते पाहा.

मेव्हण्याने यातले काहीच पाहिले नव्हते. तीन पावसाळे उभा राहिलेला ट्रॅक्टर त्याने भंगारापेक्षा थोड्या जास्त भावात आणला होता.

जाम इंजिन पाहून शेजारचे एक काका मोठा ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन आले. गिअरमध्ये टाकून ओढू, फिरेल आपोआप, असे त्यांचे म्हणणे. माणूस मदतीला आला होता, नाही म्हणणे जड गेले. पण नाही म्हटले. रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतात. ओढल्यावर त्या सुटतात किंवा तुटतात, आणि बहुधा तुटतातच. आम्ही तिन्ही नोझल काढले, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण दोन-दोन चमचे सोडले, वर चिंध्या बसवल्या आणि तीन दिवस कोणालाही हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हलके मागेपुढे केले. बोटभर हलले. पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुली पूर्ण फिरली.

आता यातली सर्वांत मोठी चूक सांगतो. इंजिन फिरले की हात शिवशिवतात आणि माणूस लगेच नोझल बसवून सेल्फ मारतो. आतले तेल अजून पिस्टनच्या डोक्यावर असते. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून नोझल बाहेर ठेवूनच सेल्फने फिरवा, भोकांसमोर कोणी उभे राहू नका, आणि तेलाची पिचकारी थांबेपर्यंत फिरवत राहा. त्यानंतर खालचे इंजिन ऑइल काढून नवे भरा, कारण वरून सोडलेले डिझेल त्यात उतरलेले असते.

डिझेलची टाकी आम्ही उतरवली तेव्हा तळाला काळा चिकट गाळ निघाला. मूठभर स्वच्छ खडी आणि थोडे डिझेल घालून ती खळखळून तीन वेळा धुतली. टाकी गळत असेल तर ती घरी वेल्डिंगला लावू नका. रिकाम्या टाकीतली वाफच पेटते. नवे फिल्टर बसवून एअर काढायची ती क्रमाने: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलच्या नळ्या. आणि नोझलमधून डिझेल उडते का हे बोट लावून कधीही पाहू नका. त्या धारेचा जोर एवढा असतो की डिझेल कातडीत घुसते. वर टाचणीएवढे भोक दिसते, आत हात सडतो. असे झाले तर हळद लावून बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा.

रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू, वाळके गवत आणि चिखल यांचा नमदा झाला होता. पंख्याच्या बाजूने बेताच्या जोराचे पाणी मारून तो काढला. मिस्त्री म्हणाला, थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे गरमी फार. हा सल्ला तुम्हांलाही मिळेल. तो ऐकू नका. थर्मोस्टॅट नसला तर इंजिनाला नीट तापायला वेळ लागतो, ते डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते. बिघडला असेल तर बदला.

एअर क्लीनरच्या वाटीत तेल असते, हे कितीतरी जणांना ठाऊकच नसते. खान्देशच्या धुळीत इंजिनाचे आयुष्य या वाटीवर ठरते. आतले तेल काळे घट्ट झाले की वाटी रॉकेलने किंवा डिझेलने धुवा आणि खुणेपर्यंतच नवे भरा. खुणेवर भरले तर इंजिन ते ओढून घेते आणि हाताबाहेर पळत सुटते.

इंजिन सुरू झाले त्या दिवशी अर्धी आळी जमली. सासूबाईंनी चाकाला कुंकू लावले, पण चेहरा काही सैल झाला नाही. मेव्हण्याने तेवढ्यात रंगाच्या डब्यांची चौकशी केली. मी म्हटले, आधी बांधावरून खाली उतरवून दाखव. उतारावर त्याने ब्रेक दाबला. उजवे चाक धरले, डावे धरलेच नाही, आणि ट्रॅक्टर गर्रकन उजवीकडे वळून गवताच्या गंजीत घुसला. गंजी होती म्हणून हसलो. तिच्या पलीकडे विहीर होती.

डाव्या बाजूचे सील फुटून गिअर ऑइल ब्रेकवर आले होते. सील बदलले, लायनिंग नवे टाकले, दोन्ही पॅडल सारखे केले. शेतात वळताना ते वेगळे असले तरी चालतात. रस्त्यावर निघण्याआधी दोन्हींची कडी जोडलीच पाहिजे. मागच्या पीटीओचे झाकण हरवले होते, ते पत्र्याचे करून घेतले. बायाबापड्यांनो, तुम्हांला मुद्दाम सांगतो. फवारणीच्या किंवा पंपाच्या कामाला ट्रॅक्टर उभा असतो, तुम्ही पाण्याचा हंडा घेऊन मागून जाता, आणि साडीचा पदर त्या फिरत्या दांड्यात जायला एक क्षण पुरतो. झाकण नसेल तर मागून जायचे नाही, आणि मालकाला तसे बोलून दाखवायचे. मडगार्डवर पोर बसवणेही बंद.

मग डबे निघाले. रंगाला थंडी संपतानाचे कोरडे दिवस बरे. मात्र मिरचीच्या पथाऱ्या जवळ असतील तर वाऱ्याची दिशा पाहा, नाहीतर ओल्या रंगावर लाल धूळ बसते. आधी धुण्याच्या सोड्याने तेलकटपणा काढा, तारेच्या ब्रशने गंज खरवडा, घासकागद मारा, रेड ऑक्साइडचा एक हात द्या, आणि वाळल्यावर रंगाचे पातळ दोन हात. एकच जाड हात दिला तर तो ओघळतो. रेडिएटरची जाळी, ग्रीसचे निपल, रबरी नळ्या आणि कोरलेले नंबर कागद चिकटवून झाका. सायलेन्सरला साधा रंग टिकत नाही, त्याला उष्णता सोसणारा घ्या.

पहिल्या हंगामात पपईच्या ओळींतली आंतरमशागत घरच्या घरी झाली, आणि शेजाऱ्यांच्या दोन शेतांतही भाड्याने ट्रॅक्टर गेला. तो पैसा मेव्हण्याने आईच्या हातात ठेवला. पत्रे आले, पावसाआधी छप्पर झाले. सासूबाई आता ट्रॅक्टरवर जुने लुगडे पांघरून ठेवतात, कोंबड्या बसू नयेत म्हणून.

एक राहिलेच. नंबर रंगवून घेताना आरसी समोर धरा. आमच्या पेंटरने ८ चा ३ केला, आणि ते नाक्यावरच्या पोलिसाने आमच्या आधी पाहिले.