निवृत्तीनंतर दापोली? आधी हे पाहा

समुद्रसपाटीपासून सुमारे 800 फूट उंचीवर असल्याने दापोलीची हवा खालच्या, किनाऱ्यावरच्या हर्णैपेक्षा सुसह्य. इंग्रजांनी इथे छावणी टाकली ती उगाच नाही. पण घर मे महिन्यात नव्हे, जुलैत पाहायला जावं. वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. गळकी कौलं, शेवाळलेली पायरी, जाणारी-येणारी वीज तेव्हाच दिसते. साठीनंतर समुद्राच्या देखाव्यापेक्षा त्या पायरीची चौकशी अधिक करावी! रेल्वेसाठी खेड गाठावं लागतं, तेही वळणावळणाच्या रस्त्याने. शेतकरी नसाल, तर परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही (कुळकायदा 1948, कलम 63). बिनशेती जागाच शोधावी. दलालाचं ‘बिनशेती नंतर करून देऊ’ ऐकू नये. किनाऱ्यालगत सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) निर्बंध असतात, तेही तपासावेत.