केडगावचे स्वागत आणि आपली भारतभेट

डिसेंबर-जानेवारीत भारतात जाणाऱ्या आपल्या पुष्कळ कुटुंबांच्या यादीत एक काम हमखास असते: मुलाच्या वाढदिवसानिमित्त किंवा आजी-आजोबांच्या स्मरणार्थ एखाद्या अनाथाश्रमात गोडाचे जेवण. हेतू चांगलाच असतो. पंगत बसते, फोटो निघतात, आपली मुले थोडी अवघडून उभी राहतात आणि चार वाजता आपण पुढच्या नातेवाइकांकडे निघतो. पण त्या पंगतीत आदल्याच दिवशी दाखल झालेली एखादी मुलगी असली, तर तिला या अनोळखी गर्दीचे काय वाटत असेल? नव्या मुलाचे खरे स्वागत कशाला म्हणावे? याचे उत्तर शोधताना आम्हाला पंडिता रमाबाई आणि त्यांचे केडगाव आठवले. त्यांच्या कामाचा एक धागा आपण राहतो त्या देशातूनही गेला आहे.

रमाबाई १८८३ साली आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला आल्या, तेव्हा त्या स्वतःच 'नव्याने दाखल झालेल्या' होत्या. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली होती. पुढे भाऊ आणि १८८२ साली पतीही गेले. वाँटेज येथील ख्रिस्ती सिस्टरांच्या मठाने मायलेकींना आसरा दिला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी तेथे बाप्तिस्मा घेतला. परंतु शाकाहार मात्र त्यांनी सोडला नाही, आणि धर्माच्या बाबतीतही पटल्याशिवाय मान डोलावली नाही. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत, तेव्हा मनोरमा काही काळ वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिली. परक्या घरी आश्रयाला राहणे म्हणजे काय आणि आपले लेकरू दुसऱ्याच्या हाती सोपवणे म्हणजे काय, हे दोन्ही त्यांनी या देशात अनुभवले.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत बालविधवा गोदूबाई जोशी होत्या. १८९३ साली अण्णासाहेब कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि आपण त्यांना आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखतो. सदन १८९० साली पुण्यास गेले. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. त्या वादावर आपल्या घरांत आजही दोन मते आहेत आणि ती असू द्यावीत. पण पुढे जे घडले त्याचा मान राखायला कोणाचीच हरकत नसावी.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळातून वाचलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. त्या वेळी पुण्यात प्लेग होता, शहरात नवी माणसे ठेवता येईनात. म्हणून केडगावच्या शेतावर तात्पुरत्या छपरांखाली त्यांची सोय झाली. त्या शेतावरच 'मुक्ती' उभी राहिली. १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

एवढ्या जणींना सांभाळायला माणसे कोठून आणली? मिनी एब्रम्स यांच्यासारख्या परदेशी सहकारी होत्या, हे खरे. पण रोजचे न्हाऊ-माखू घालणे, आजारपण काढणे, अक्षरे गिरवून घेणे हे मुख्यतः शारदा सदनात आधी शिकलेल्या मुलींनीच अंगावर घेतले. काल आलेली आज येणारीला हात देते, ही केडगावची खरी पद्धत. पुढे तेथे विणकाम, तेलघाणा, दुग्धशाळा, छापखाना चालला. रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतरही मुक्तीतच छापले गेले.

या साऱ्यामागे रमाबाईंना ज्यांच्या चरित्राने बळ दिले, त्यांत ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर होते. हे गृहस्थही आपल्यासारखे बाहेरूनच आलेले, मूळचे प्रशियाचे. १८३६ साली त्यांनी ब्रिस्टलमध्ये अनाथ मुलांसाठी पहिले घर उघडले आणि १८७० पर्यंत अ‍ॅशली डाउनवर २०५० मुलांची सोय असलेल्या पाच प्रचंड इमारती उभ्या केल्या. पण काळ बदलला. मुलाला वसतिगृहापेक्षा घर हवे, हे पटत गेले, आणि १९५८ साली त्या इमारती विकून संस्थेने लहान घरांचा मार्ग धरला. केडगावचे मुक्ती मिशन आजही सुरू आहे आणि तेथेही मुली लहान कुटुंबगटांत एकेका 'आई'च्या सांभाळाखाली वाढतात.

तेव्हा मंडळी, नव्या मुलाचे स्वागत पंगतीने होत नाही. रात्री दचकून जागे झाल्यावर जी व्यक्ती जवळ येते, तीच सकाळीही दिसणे, आणि सहा महिन्यांनीही दिसणे, हे स्वागत. ती 'आई' कमी पगारामुळे किंवा थकून नोकरी सोडून गेली, की मूल पुन्हा एकदा पोरके होते. म्हणून नव्या मुलाइतकीच नव्या सेविकेची काळजी घ्यावी लागते: तिला शिकवणारी जुनी सोबतीण, हक्काची सुट्टी, वेळेवर पगार. देणगीदारांना मात्र फरशी, पंखे आणि नावाची पाटी सुचते, पगार सुचत नाही.

यंदा भारतात जाण्यापूर्वी आमच्या चार विनंत्या:

१. संस्था कोणतीही असो, आधी कळवून जा आणि 'तुम्हाला काय हवे?' असे विचारा. जेवणाऐवजी एका सेविकेचा काही महिन्यांचा पगार किंवा प्रशिक्षणाचा खर्च देता येतो का, हे पाहा.

२. मुलांचे फोटो काढू नका. भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलांची ओळख उघड होईल असे काही प्रसिद्ध करणे गुन्हा आहे.

३. नव्या मुलाला 'तुझे आईवडील कोठे?' असे विचारू नका. दाखल होताना त्याची चौकशी झालेलीच असते. कायद्याने २४ तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते.

४. ब्रिटिश पासपोर्ट असलेल्यांची देणगी भारतात 'परदेशी' धरली जाते, ओसीआय कार्ड असले तरीही. ती घेण्यास संस्थेची एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. रोख पाकीट हाती ठेवून संस्थेला अडचणीत आणू नका.

आणि जे यंदा भारतात जाणार नाहीत त्यांच्यासाठी एक गोष्ट. एकट्या इंग्लंडमध्येच आज ८० हजारांहून अधिक मुले सरकारी देखरेखीखाली आहेत. त्यांच्याविषयी निर्णय घेताना धर्म, वंश, संस्कृती आणि भाषा यांचा विचार करावा, असे १९८९चा चिल्ड्रन अ‍ॅक्ट सांगतो. एखाद्या दिवशी आपली भाषा बोलणारे मूल कौन्सिलच्या दारात उभे राहिले, तर त्याला घरात घ्यायला आपल्यापैकी कोणी पालक म्हणून नोंदलेले आहे का? फॉस्टरिंगची चौकशी आपापल्या कौन्सिलकडे करता येते, आणि चौकशी केल्याने कोणी बांधले जात नाही. वाँटेजला एका परक्या घराने मराठी मायलेकींना दार उघडले होते. ते कर्ज फेडायला आपल्यालाही वाव आहे.